कोनाडा ते कन्सोल टेबल : भिंतीच्या फर्निचरचा इतिहास

#धागा

१/ जुन्या बाजारात एखादे कन्सोल टेबल दिसले, तर जाणकार आधी त्याची पाठ पाहतो. पुढच्या बाजूला शिसवी लाकडावर वेलबुट्टी आणि सिंहाचे पंजे कोरलेले असतात. मागे मात्र रंधाही नीट न फिरवलेली ओबडधोबड फळी असते. कारण साधे आहे. हे टेबल खोलीच्या मधोमध ठेवण्यासाठी घडवलेलेच नसते. त्याची जागा भिंतीलगत ठरलेली असते. म्हणून कन्सोल टेबलाचा इतिहास समजून घ्यायचा, तर भिंतीचा इतिहास पाहावा लागतो. आणि भिंतीच्या बाबतीत मराठी घराची कहाणी युरोपातील घरापेक्षा फार वेगळी आहे.

२/ आधी नावाविषयी. ‘कन्सोल’ हा मूळचा फ्रेंच वास्तुकलेतील शब्द. सज्जा किंवा मूर्ती पेलण्यासाठी भिंतीतून पुढे काढलेला वळणदार आधार म्हणजे कन्सोल. मंदिराच्या खांबावर तुळई पेलणारे हस्त ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील कारागिरांनी अशा आधारांवर संगमरवरी फळी बसवली आणि तिचे टेबल झाले. त्याला मागचे पाय नसत. मागची बाजू भिंतीलाच जखडलेली असे. भिंत काढून घेतली, तर टेबल कोसळेल, अशी ती रचना होती.

३/ हे टेबल वाढले ते राजवाड्यात. व्हर्सायचा आरसेमहाल १६८४ मध्ये पूर्ण झाला. त्यात ३५७ आरसे बसवले होते. चौदाव्या लुईने या महालात चांदीची टेबले आणि दीपदाने मांडली होती. पुढे १६८९ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी ती सारी वितळवावी लागली. आरसा आणि त्याखाली टेबल ही जोडी मात्र टिकली. टेबलावरच्या मेणबत्त्यांचा उजेड आरशात दुप्पट होई आणि घरमालकाची श्रीमंतीही. पुढे इंग्लंडमध्ये दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर आरसा आणि त्याखाली टेबल मांडण्याची पद्धत पक्की झाली.

४/ या मांडणीला तीन गोष्टी लागत. पहिली, पाहुण्याची नजर उंचावर हवी. म्हणजे तो उभा असावा किंवा खुर्चीवर बसलेला असावा. दुसरी, भिंतीचा पृष्ठभाग सपाट आणि मोकळा हवा. तिसरी, वस्तू ठेवण्यापेक्षा ती दाखवण्याची हौस हवी. मग प्रश्न असा, की युरोपात ही पद्धत रूढ होत असताना मराठी दिवाणखान्यात काय चालले होते?

५/ याचे उत्तर एका चित्रात दिसते. १७९० मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने पुण्यात पेशव्यांशी टिपूविरुद्ध तह केला. त्या दरबाराचे भव्य तैलचित्र थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केले. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांच्या त्या दरबारात टेबल-खुर्चीचा मागमूस नाही. इंग्रज पाहुणेही दरबारच्या रीतीप्रमाणे जमिनीवरच्या बैठकीवर बसले आहेत. त्या वेळी पुण्यात कोणी कसे बसावे, हे पुणे ठरवत होते.

६/ जमिनीवरच्या बैठकीने खोलीचे सारे गणित ठरते. लोड-तक्क्याला टेकून बसलेल्या माणसाची नजर जेमतेम दोन हात उंचीवर असते. त्याच्या हाताशी पानाचा डबा हवा, समोर चौरंग हवा, जेवताना पाट हवा. कंबरेइतक्या उंचीचे टेबल त्याला डोक्यावर आल्यासारखे वाटेल. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता, म्हणजे आरशांची हौस इथेही पोहोचली होती. मात्र त्या आरशांखाली टेबल मांडण्याची गरज जमिनीवर बसणाऱ्या समाजाला नव्हती.

७/ मग वस्तू कुठे ठेवत? भिंतीच्या पोटात. तांब्या, पोथी, औषधाच्या बाटल्या यांसाठी कोनाडा. तेलाच्या दिव्यासाठी लहान दिवळी. जाड भिंतीत लाकडी चौकट आणि झडपा बसवून केलेले कपाट म्हणजे फडताळ. त्यात लोणच्याच्या बरण्यांपासून दस्तऐवजांपर्यंत सारे मावे. पागोटे आणि अंगरखा अडकवण्यासाठी भिंतीत ठोकलेली खुंटी. मराठी घराला फर्निचर नव्हते, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक ते होते. ते भिंतीत होते.

८/ याचे रहस्य भिंतीच्या जाडीत आहे. वीतभर खोल कोनाडा काढायचा, तर भिंत त्याच्या दुप्पट तरी जाड हवी. नाहीतर ती कमकुवत होते. वाड्यांच्या दगड, वीट आणि मातीच्या भिंती सहज दोन-दोन हात जाड असत. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या गावांत माळवदाची घरे असत: वर लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत, खाली पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती. चाळीस अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात ही जाडीच घर थंड ठेवी. कोनाडा हा त्या जाडीतून फुकट मिळालेला लाभ होता. त्यासाठी सुताराला वेगळे पैसे मोजावे लागत नसत.

९/ कोनाड्यांना घरातील माणसांप्रमाणे वाटण्या होत्या. ओसरीवरचा कोनाडा पुरुषांच्या पानसुपारीचा, चुलीजवळचा मिठा-मसाल्याचा, माजघरातला बायकांच्या करंड्याचा. शृंगारासाठी फणेरपेटी असे: झाकणाला आतून आरसा, पोटात फणी, कुंकू आणि मेण. बाई जमिनीवर बसून पेटी उघडी आणि वेणीफणी झाली, की पेटी पुन्हा कोनाड्यात जाई. युरोपात आरसा भिंतीवर कायमचा टांगलेला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी होता. फणेरपेटीतला आरसा एका व्यक्तीचा होता आणि काम झाल्यावर मिटत असे.

१०/ दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहाव्यात. कन्सोल टेबल भिंतीतून पुढे येते, कोनाडा भिंतीत मागे सरकतो. एक वस्तूला व्यासपीठ देते, दुसरा तिला आडोसा देतो. एक विकत घेता येते, मुलांमध्ये वाटता येते, लिलावात निघते. दुसरा घर सोडून कुठेही जाऊ शकत नाही. या शेवटच्या फरकाने पुढच्या दोनशे वर्षांत दोघांचे नशीब ठरवले.

११/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बसण्याची रीत ठरवणारे बदलले. कचेरी, न्यायालय आणि शाळा या नव्या जागांत खुर्ची आली. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आधीच आला होता; पण अधिकाराला ‘खुर्ची’ म्हणण्याची सवय याच काळाने पक्की केली. लष्करी छावण्यांतील अधिकाऱ्यांच्या सतत बदल्या होत आणि जाताना ते घरातील सामान लिलावात काढत. असे सामान छावणीबाहेरच्या घरांत पोहोचे आणि गावातील सुतार त्याची नक्कल करत. सोलापुरातील सदर बाजारासारखी नावे आजही त्या छावण्यांची आठवण देतात.

१२/ मुंबईत या नकलेतून एक स्वतंत्र शैलीच जन्मली. सह्याद्रीच्या रानांतील शिसव हे गडद, जड आणि चिवट लाकूड. १९व्या शतकाच्या मध्यास मुंबईचे कारागीर त्यावर आरपार जाळीदार कोरीवकाम करू लागले. फोर्टमधील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर मार्ग, या कामासाठी प्रसिद्ध होता. घाट युरोपीय आणि पानाफुलांची दाटी इथली, असे हे ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ सातासमुद्रापार गेले. आज जगभरच्या लिलावांत येणाऱ्या शिसवी कन्सोल टेबलांपैकी अनेकांचे मूळ याच परिसरात सापडते.

१३/ साध्या सामानासाठी सागवान होते आणि त्यामागे साम्राज्य उभे होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातील जंगलांचे सागवान हा तिचा मुख्य धंदा बनला. १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाला जी निमित्ते झाली, त्यांत या कंपनीचा मंडालेच्या दरबाराशी झालेला तंटा प्रमुख होता. जुन्या घरातील ‘बर्मा टीक’च्या टेबलाचे कौतुक करताना एवढे ध्यानात असावे, की त्या लाकडापायी एक राज्य गेले.

१४/ गोव्यात ही प्रक्रिया शेकडो वर्षे आधी सुरू झाली होती. पोर्तुगीज सत्तेखाली साष्टीतील श्रीमंत ख्रिस्ती घराण्यांनी उंच छताचे दिवाणखाने बांधले. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वास्तूत बेल्जियन झुंबरे, संगमरवरी फरशी आणि कोरीव शिसवी सामान आजही पाहता येते. मराठीतील ‘अलमारी’ हा शब्दही पोर्तुगीजांचीच देणगी आहे. वस्तू भिंतीतून बाहेर काढून लाकडाच्या पेटीत ठेवण्याची कल्पना आणि तिचे नाव, दोन्ही एकाच गलबतातून आले.

१५/ देशावरच्या वाड्यांत मात्र बदल दिवाणखान्यापर्यंत येऊन थबकला. बाहेरच्या खोलीत गोल टेबल, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर आरसा आणि त्याखाली अरुंद नक्षीदार मेज. तिथे साहेब येऊ शकत होता, मामलेदार येऊ शकत होता. आत माजघरात पाट, चूल आणि कोनाडे तसेच राहिले. एकाच घरात दोन उंच्यांवर जगणे सुरू झाले: पुरुष खुर्चीच्या उंचीवर, बायका जमिनीच्या. आज ‘व्हिंटेज’ म्हणून जपले जाणारे बहुतेक सामान बाहेरच्या खोलीतले आहे, हे विसरू नये.

१६/ आता माळशिरस तालुक्यात येऊ. भाटघरचे लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागाला मिळाले. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळताच कालव्याकाठी कारखाने उभे राहू लागले. माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी आली, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. कोरडवाहू मुलखात अशा रीतीने नव्या प्रकारची गावे जन्मली, ज्यांच्या केंद्रस्थानी पेठ नव्हती की गढी नव्हती, धुराडे होते.

१७/ श्रीपूरसारख्या गावांचा फर्निचरशी संबंध काय? कारखान्यांबरोबर वसाहती आल्या आणि वसाहतींबरोबर नवी भिंत आली. रसायनतज्ज्ञ, इंजिनिअर, हिशेबनीस ही माणसे बाहेरगावाहून बदलीच्या नोकरीवर येत. त्यांचे घर कंपनीचे असे आणि सामान तेवढे त्यांचे. ज्याला उद्या बिऱ्हाड हलवायचे आहे, त्याला भिंतीतला कोनाडा काय कामाचा? त्याला उचलून ट्रकमध्ये घालता येईल असे टेबल आणि कपाट हवे. नोकरीने माणूस फिरता झाला आणि त्याबरोबर फर्निचरही भिंतीपासून सुटले.

१८/ त्याच दशकात बांधकामही बदलत होते. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था झाली. १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरले आणि आधुनिक घर कसे सजवावे, याचे नमुने मध्यमवर्गाने पाहिले. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त आणि हवेशीर घरांच्या आराखड्यांची पुस्तके लिहीत होते. भार विटेच्या भिंतीवरून सिमेंटच्या खांब-तुळयांवर गेला, तशी भिंत नऊ इंचांवर आणि मग चार इंचांवर आली.

१९/ कोनाड्याची एकेक जबाबदारी काढून घेतली गेली. विजेचा दिवा आला आणि दिवळी रिकामी झाली. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. पुढे लग्नात ‘गोदरेजचे कपाट’ देणे प्रतिष्ठेचे झाले आणि फडताळाची सद्दी संपली. उरल्या कोनाड्यांना विटा भरून, गिलावा करून, रंग दिला गेला. मागास दिसणारी खाच बुजवणे हीच तेव्हाची गृहसजावट होती.

२०/ जाड भिंतीची आठवण केवळ रम्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे ८ हजार माणसे दगावली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यानेही तो हादरा अनुभवला. त्यानंतर लोकांनी जुन्या भिंतींकडे संशयाने पाहिले, तर त्यांना दोष देता येत नाही. कोनाड्याच्या ऱ्हासाला फॅशनइतकीच भीतीही कारण आहे.

२१/ आजच्या फ्लॅटमध्ये चार इंची भिंतीत काडेपेटी ठेवण्यापुरतीही खाच निघत नाही. म्हणून दारातून आत शिरताच, आरशाखाली, फूटभर रुंदीचे कन्सोल टेबल येते. त्यावर काय असते? गाडीच्या किल्ल्या, चष्मा, मोबाईलचा चार्जर, गणपतीची मूर्ती, संध्याकाळी एक पणती. यादी ओळखीची आहे. व्हर्सायमध्ये ते मिरवण्यासाठी जन्मले. मराठी घरात त्याला कोनाड्याची नोकरी मिळाली आहे.

२२/ मुंबईची मटण स्ट्रीट, जोगेश्वरीजवळचा ओशिवरा बाजार, पुण्याचा बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, अशा ठिकाणी एक गंमत पाहायला मिळते. पाडलेल्या वाड्यांचे कोरीव हस्त, खांब आणि चौकटी जोडून ‘अँटिक कन्सोल टेबल’ तयार केले जाते. तुळई पेलणारा हस्त आता टेबलाचा पाय होतो. म्हणजे ‘कन्सोल’ हा शब्द नकळत आपल्या मूळ अर्थाकडे परततो; फक्त त्यासाठी एक वाडा खर्ची पडलेला असतो. अशा टेबलाचे लाकूड जुने असते, टेबल जुने नसते.

२३/ कायदा काय सांगतो? १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार किमान १०० वर्षे जुन्या कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे १९२०-२५ च्या सुमारास घडलेली टेबले आता या उंबरठ्यावर आली आहेत. वय ओळखायचे, तर पाठीकडे आणि पोटाकडे पाहावे: हातकरवतीचे वेडेवाकडे ओरखडे की यंत्राच्या एकसारख्या रेषा, खाचेत बसवलेले सांधे की खिळे, लाकडाचा रंग सगळीकडे सारखा की भुकटी फासलेला. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीच्या कामात असूच शकत नाहीत.

२४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या साऱ्यातून एक धडा घ्यावा. जे हलवता येते आणि विकता येते, ते टिकते. जे भिंतीत असते, ते राडारोड्यात जाते. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा करून १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिल्या, म्हणून त्या पुण्यात पाहता येतात. पण कोनाडा कोण दान करणार? परिणामी दुकानांतला ‘जुना काळ’ हा खुर्चीवर बसणाऱ्यांचा काळ आहे. जमिनीवर बसणाऱ्या बहुसंख्यांचा, आणि विशेषतः माजघरातील बायकांचा, पुरावा भिंतीबरोबर पडतो आहे.

२५/ भाषेने मात्र तो सांभाळला आहे. ज्यांच्या घरात कधी कोनाडा नव्हता, तेही ‘मनाच्या कोपऱ्यात’ इतक्याच सहज ‘मनाच्या कोनाड्यात’ म्हणतात. शब्दामागची वस्तू वाचवायला फार काही लागत नाही. गावातील जुने घर पाडले जाण्याआधी भिंतीची जाडी, कोनाड्याची लांबी-रुंदी-खोली आणि जमिनीपासूनची उंची मोजावी, फोटो काढावा, आणि घरातील सर्वांत वयस्क बाईला विचारावे, की या कोनाड्यात काय ठेवत होता. तिचे उत्तर लिहून ठेवावे. ती नोंद कोणत्याही लिलावात मिळणार नाही.